मोर असता तर

माझ्या वडिलांच्या औषधांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर एक चपटी, काळपट बाटली असायची. तिला हात लावायची आम्हा मुलांना मनाई होती. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'धनेश' एवढंच लिहिलेलं होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वैद्य होते. दहिवलीला आमच्या घराच्या ओसरीवरच त्यांचा दवाखाना चाले आणि पार पोशीरपासून लोक बैलगाडीत आजारी माणूस निजवून घेऊन येत. गुडघे धरलेली म्हातारी आली, अर्धं अंग लुळं पडलेला कुणी आला, की अण्णा स्टुलावर चढून ती बाटली काढत आणि तिच्यातले चार थेंब तिळाच्या तेलात कालवून देत. लहानपणी मला वाटायचं, धनेश हे करंज किंवा एरंडासारखं एखादं झाड असेल. तो पक्षी आहे, त्याला मारून, त्याची चरबी कढवून ते तेल काढतात, हे मला तिशी उलटेपर्यंत कळलं नाही. वैद्याची मुलगी, मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलेली, आणि कधी विचारलंही नाही. या गोष्टीचा मला स्वतःचा राग येतो, अजूनही.

वन्यप्राण्यांचा नवा कायदा आला, त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत माझी बदली खालापूर तालुक्यातल्या एका गावी झाली. केळवलीला उतरून तासभर चालावं लागे. दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग आणि शिक्षक मी एकटी. माझं लग्न झालेलं नव्हतं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या पडवीतली खोली मी भाड्यानं घेतली होती. शनिवारी सकाळची शाळा संपली की गाडीनं दहिवलीला यायचं, आणि सोमवारी उजाडताना परत.

शाळा तपासायला येणारे साहेब मुलांना एक प्रश्न हमखास विचारायचे. आपला राष्ट्रीय पक्षी कोणता? मुलं एका सुरात 'मोर' म्हणायची. भिंतीवर मोराचं रंगीत चित्र होतं. फळ्यावर मोर, प्रगतिपुस्तकावर मोर, पंधरा ऑगस्टच्या नाचात मोराची टोपी. आमच्याकडे मोर काही चित्रातला नव्हता. डोंगराच्या कडेला पाच-सात होते, भात पिकायला लागलं की खाचरात उतरायचे आणि बायका त्यांना हाकलायच्या. तरी त्याला कुणी मारत नसे. एक तर देवीचं वाहन, त्यात आता सरकारचा पक्षी.

शाळेच्या वर, उतारावर ठाकरांची वाडी होती. तिथला एक जण पावसाळ्याआधी शाळेची कौलं चाळून द्यायचा, कुंपण घालायचा, कधी पाणी भरायचा. त्याच्या दोन मुली माझ्याकडे शिकत होत्या. मोजकं बोलणारा माणूस. एकदा आठवडाभर तो फिरकला नाही, म्हणून मी त्याच्या थोरलीला विचारलं. ती तिसरीत होती. खाली बघत म्हणाली, "माझ्या बाला फॉरेस्टवाल्यांनी नेला, बाई."

तो परत आला तेव्हा त्यानंच सांगितलं. "घरात मोराची पिसं घावली, म्हून नेला. पिसं त मोर सोताच टाकतो, बाई. पाऊस सरताना रानभर पडल्याली असतात. बायकोनं गोळा करून कुडाला खोवली व्हती."

"मग तू तसं सांगितलं नाहीस का?"

"सांगितलं. दोन दिस बसवून ठेवला. पिसं घेतली, कोंबडा घेतला नि मला सोडला."

"मारलं?"

तो कुंपणाची काटी बांधत राहिला. गाल अजून सुजलेला होता. मी त्या दिवशी चिडले, पण ते चिडणं घरी जाऊन वरणभात खाईपर्यंत टिकणारं होतं. मोराचं रक्षण करायला हवं, हे मला पटलेलं होतं. कायदा चांगला, माणसं वाईट, असं मी स्वतःला समजावलं आणि पुढच्या धड्याला लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मार्चपासून सकाळची शाळा होती आणि वर्गात फार उकडायचं. म्हणून मी मुलांना शाळेमागच्या मालकीच्या रानात, एका जुन्या बेहड्याखाली बसवत असे. त्या झाडाला दोन माणसांच्या उंचीवर एक ढोली होती. ती चिखलानं लिंपल्यासारखी बुजलेली होती, मध्ये फक्त बोटभर रुंदीची उभी फट. एक राखाडी पक्षी त्या फटीपाशी येऊन लटकायचा. घारीएवढा, लांब शेपटीचा, चोच वाकडी आणि चोचीवर छोटंसं शिंग. तो मान झटकून गळ्यातून एक उंबर वर काढायचा आणि फटीत द्यायचा. मग दुसरं, मग तिसरं. आतून एक चोच पुढं येऊन ते घ्यायची.

मुलांचं गणितावरून लक्ष उडालं. माझंही. कौलंवाल्या ठाकराला मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "शिंगचोच्या तो. आत त्याची बायको हाय. तिनं सोताला कोंडून घेतलंय. अंडी घालती नि पंख झाडून टाकती. आता तिला उडता येनार नाय. पिलं मोठी होईतवर ह्यानंच आणायचं नि घालायचं."

"आणि हा आलाच नाही तर?"

"तर आत मरंल ती."

त्या काळात मी इतकी खूश होते की रोज शाळेच्या आधी जाऊन बसायचे. किती वेळानं येतो, किती फळं आणतो, वहीत टिपून ठेवायचे. कधी उंबर, कधी वडाची फळं, एकदा सरडा. अशी गोष्ट आपल्या शाळेच्या मागे चालली आहे आणि आपल्या एकाही पुस्तकात तिचा उल्लेख नाही, याचं नवल वाटायचं. शनिवारी दहिवलीला गेले तेव्हा जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. आई वाढत होती. अण्णा हातातला घास तसाच ठेवून ऐकत होते. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी माझं कधीच ऐकलं नव्हतं.

"चोचीवर शिंग आहे म्हणतेस?"

"हो. लहानसं."

"कुठल्या झाडावर?"

"बेहड्यावर. शाळेच्या अगदी मागे."

"उंच असेल?"

"नाही हो, शिडी लावली तर हात पोचेल."

"छान," अण्णा म्हणाले, आणि जेवायला लागले.

दहा-बारा दिवसांनी, एका मंगळवारी, मुलं पाढे म्हणत असताना बार झाला. पक्षी सगळीकडून उठले. मी धावत मागच्या रानात गेले, मुलं माझ्यामागून. बेहड्याखाली एक माणूस ठासणीची बंदूक खोडाला टेकवून गोणपाट पसरत होता. नर खाली पालापाचोळ्यात पडला होता. त्याच्या गळ्यात अजून फळं होती. मान एका बाजूला लोंबली, तेव्हा त्यातलं एक उंबर बाहेर घरंगळलं.

तो माणूस माझ्या ओळखीचा होता. अण्णांना जंगलातून मुळ्या आणि साली आणून देणारा. आमच्या ओसरीवर मी त्याला कितीदा चहा दिला होता. मला बघून तो हसला.

"ताई, धनेशाचा ठाव तुमीच सांगितला म्हनं. वैद्यबुवा बोलले, शाळंच्या मागं बेहड्यावर. कुणाला इचारायची पाळीच नाय आली."

तो कमरेचा कोयता काढून ढोलीकडे बघत होता. "आता आतली काढतो. ती तर लई तुपाळ असती."

तेव्हा मी ओरडले. मी त्याला सांगितलं, शाळेच्या मुलांमध्ये बंदूक चालवलीस, पोलीसपाटलांना बोलावते, इथून एक पाऊल पुढे टाकू नकोस. मुलं माझ्याभोवती उभी होती. कौलंवाला ठाकरही आवाज ऐकून उतारावरून खाली आला होता. तो झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला. बंदूकवाल्यानं आम्हा दोघांकडे पाहिलं. त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. "बरं ताई, बुवांनाच सांगतो तसं," म्हणाला आणि नराला गोणपाटात गुंडाळून निघून गेला.

मी मुलांना सुट्टी दिली. ठाकरानं एक लांब कळक तोडून आणला, त्याचं टोक चिरून चिमट्यासारखं केलं आणि त्यात उंबर धरून, फांदीवर बसून फटीपाशी नेलं. आतून चोच आली ती फळ घ्यायला नव्हे, कळकावर मारायला. असं दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली दोन पिलं पडलेली होती, उघडी, गुलाबी, माझ्या अंगठ्याएवढी. तिनंच बाहेर टाकली होती. त्या दिवशी दुपारी तिनं पहिलं उंबर घेतलं.

शनिवारी मी घरी गेले. दारातून आत न जाता परसात गेले, कारण वास तिकडून येत होता. आमच्या घरात मासमच्छी शिजत नसे, म्हणून आईनं चूल परसात मांडून दिली होती. अण्णा स्वतः पाटावर बसून लोखंडी कढईत पळी फिरवत होते. दगडी गडग्यावर चोच वाळत ठेवली होती.

"अण्णा, मी तुम्हाला आवडेल म्हणून सांगितलं होतं."

"मलाही आनंदच झाला ऐकून," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "गेली तीन वर्षं मिळालं नव्हतं. बाटलीत तळ दिसायला लागला होता."

"आत मादी आहे त्याची. पिलं आहेत. दोन मेली."

अण्णांनी पळी थांबवली. "पोशीरची एक बाई आहे. सहा महिने अंथरुणावर. तिची सून तिला उचलून परसाकडे नेते. तू जा आणि तिला सांग, पक्ष्यासाठी जरा थांब."

"या तेलानं ती उठेल?"

"उठली आहेत माणसं."

"तुम्ही पाहिलीत? की तुमच्या वडिलांनी तुम्हाला सांगितलं?"

त्यांनी पळी पुन्हा फिरवायला घेतली. मग म्हणाले, "अगं, मोर असता तर मी हात लावला असता का? त्याला देवाचं स्थान आहे. हे रानातलं पाखरू. याचं कुणाला काय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "हातपाय धू आणि आत ये." मी आत गेले नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत केळवलीला आले. रस्ताभर मला अण्णांचा राग येत होता. पोशीरची ती बाई खरी होती. तिचं दुखणं खरं होतं. पण माझ्या वडिलांनी तिच्या दुखण्याचा आडोसा घेतला, हेही खरं होतं. तेल उपयोगी पडतं का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यात एकदाही स्वतःला विचारला नव्हता. विचारला असता तर इतक्या वर्षांची बाटली ओतून रिकामी करावी लागली असती.

सोमवारी मी रजा काढली आणि वनखात्याच्या कचेरीत गेले. साहेब तरुण होते, नीट बोलणारे. टेबलावर पितळी फुलदाणीत मोरपिसांचा गुच्छ होता. वाडीतून नेलेली तीच होती असं मी म्हणत नाही, मोरपिसांवर नाव लिहिलेलं नसतं. पण माझं लक्ष वारंवार तिकडे जात होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुढं ओढला.

"मारणारा कोण? वाडीतला असेल."

"नाही."

"बाई, तुम्ही नव्या आहात. ठाकर-कातकऱ्यांशिवाय रानात दुसरं कोण शिरतं? गार्डाला पाठवतो, दोघातिघांना उचललं की बोलतील."

मला दिसलं की मी गप्प बसले, तर कुणाचा गाल पुन्हा सुजणार आहे. गप्प बसणं सोपं होतं. म्हणून मी बंदूकवाल्याचं नाव सांगितलं, आणि त्याला पाठवणाऱ्याचंही. "ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. चेहरा एकदम मोकळा झाला. "म्हणजे दहिवलीचे वैद्यबुवा? अहो, आमच्या आईच्या गुडघ्याला त्यांच्याच तेलानं आराम पडला. तुम्ही त्यांच्या कन्या होय?" त्यांनी शिपायाला चहा आणायला सांगितलं.

"तक्रार लिहून घ्या," मी म्हणाले.

"घरातली गोष्ट आहे. घरात मिटवा. वडिलांविरुद्ध कागद करून काय मिळणार तुम्हाला?"

"कायदा आहे ना?"

"आहे. पण मोर असता तर गोष्ट वेगळी होती. मोराचं नाव वरच्या यादीत आहे, वरून विचारणा होते. हे तुमचे शिंगवाले वगैरे, त्यांची कोण विचारणा करतं? मलाही तो पक्षी ओळखता येणार नाही." त्यांनी हे हसत सांगितलं. "चहा घ्या."

मी चहा घेतला नाही. बाहेर आले तेव्हा उन्हानं डोळे दिपले होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पिसं जमवणाऱ्याला दोन दिवस कोंडतात. बंदूक चालवायला लावणाऱ्याला चहा मागवतात. आणि दोन्ही वेळा तोंडी मोर असतो.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी गेले नाही. ठाकर आणि मी आळीपाळीनं त्या झाडाशी बसायचो. त्याच्या मुली उंबरं वेचून आणायच्या, नाकतोडे पकडून आणायच्या. मी त्याला साहेबांचं बोलणं सांगितलं, तेव्हा तो कळकाचं टोक नव्यानं चिरत होता. म्हणाला, "तुमी माझं नाव नाय येऊ दिलं?"

"तुझा काय संबंध होता?"

"पिसं घावली तवा बी नव्हता," तो म्हणाला.

कर्जतच्या वाचनालयातून मी पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. दुपारी खोलीवर ते वाचायचे. त्यात मला कळलं की मोर कोंबडीच्या गोतातला आणि धनेश त्याच्यापासून फार दूरचा, हुदहुद आणि खंड्याच्या जवळपासचा. दोघांना पंख आहेत, दोघं अंडी घालतात, यापलीकडे फारसं नातं नाही. लांडोर जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालते आणि पिलं बाहेर पडल्या दिवसापासून तिच्यामागे चालायला लागतात. मोर नाचतो, आणि नाचून झालं की जातो. त्याला अंड्यांशी काही घेणं नसतं. त्याबद्दल मी मोराला दोष देत नाही, त्याची रीत तशी आहे. पण वाचताना मला संताप आवरेना. लांडोरीला एखादं झुडूप पुरतं. धनेशाला पोकळ झालेलं म्हातारं झाड लागतं, आसपास उंबर-वड लागतात, आणि एक नर असा लागतो जो दोन-अडीच महिने दिवसभर ये-जा करील. त्या नराला मारलं तर एक गोळी सगळ्या घराला लागते. म्हणजे ज्याला जपायची जास्त गरज, त्याचंच नाव कुणाला माहीत नाही. मोराला वाचवलं ते चांगलंच झालं. पण कशासाठी वाचवलं? तो देखणा आहे, देवीला चालतो, नोटबुकावर छापता येतो म्हणून. आणि मीच ती शिक्षिका होते जिनं इतकी वर्षं मुलांकडून एकच नाव पाठ करून घेतलं. साहेबांना धनेश ओळखता आला नाही, कारण त्यांच्याही शाळेत माझ्यासारखीच कुणीतरी असणार.

मेच्या मध्यावर एका सकाळी ती लिंपण फोडून बाहेर आली. पंख नुकतेच फुटलेले, आखूड, अंगावर घाण. ती शेजारच्या फांदीवर कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मला वाटलं ती पडणार. मग ती उडाली, वाकडीतिकडी, उंबरापर्यंत पोचली. आत एक पिलू उरलं होतं. त्यानं आतून फट पुन्हा बुजवून घेतली, आणि आता ती एकटी बाहेरून भरवायला लागली. आम्ही उंबरं फांदीच्या बेचक्यात ठेवायचो. कधी उचलायची, कधी नाही. आमच्याकडे तिनं एकदाही ओळखीच्या नजरेनं पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पावसाच्या तोंडावर एक दिवस ढोली उघडी दिसली. ठाकर शिडी लावून वर चढला, आत हात घातला आणि म्हणाला, "नाय. गेलं." पिलू उडताना आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. तीन पिलांतलं एक. आम्ही दोघं तिथंच खाली बसलो. त्यानं तंबाखू मळली. मला रडू आलं, ते न दिसल्यासारखं करून तो दुसरीकडे बघत राहिला.

पुढच्या वर्षी मादी त्या झाडावर आली नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मालकानं ते रान कोळशाच्या भट्टीसाठी विकलं. परवानगीचा कागद होता, शिक्के होते. पिसांसाठी वाडीत गेलेला गार्डच खोडांवर हातोडीचे शिक्के मारत उभा होता. मी त्याला बेहडा दाखवला, ढोली दाखवली. तो म्हणाला, "बाई, पोकळ झाड. तसंही काय कामाचं?" दुपारच्या सुट्टीत ते पडलं. मुलं खिडकीत गोळा झाली होती. मी त्यांना जागेवर बसवलं आणि वाचन करायला लावलं, कारण मला दुसरं काही सुचेना.

अण्णांशी मी बोलणं टाकलं नाही. आमच्यासारख्या घरात तसं होत नाही. सणावाराला गेले, त्यांच्या हातचं औषध घेतलं, वाकून नमस्कार केला. फक्त रानात काय पाहिलं हे पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. पोशीरची बाई त्याच पावसाळ्यात गेली. हे मला आईकडून कळलं. अण्णांनी तिचं नाव काढलं नाही.

काही वर्षांनी अण्णांचंच उजवं अंग गेलं. मी रजा घेऊन आले. आईनं कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तेवढं तेल काढ, चोळायला." मी स्टुलावर चढले, पण हात दुसऱ्या बाटलीला घातला. साधं तिळाचं तेल कोमट केलं आणि अण्णांच्या दंडाला लावायला लागले. त्यांनी नाकानं वास घेतला. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले.

"हे... ते नव्हे."

"नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले आणि डावा हात माझ्या हातावर ठेवला. ती क्षमा होती, की कबुली, की नुसता थकवा, मला सांगता येत नाही. मी चोळत राहिले. त्यांच्यावर माझी माया होती, आणि त्यांच्यावरचा राग त्या मायेनं कमी झाला नाही. दोन्ही एकाच हातात होतं. त्या वर्षीच्या दिवाळीआधी ते गेले.

नोकरीच्या शेवटी-शेवटी, नव्वद साल उलटल्यावर, मी पळसदरीजवळच्या शाळेत होते. मुंबईकरांनी तिकडे जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. उंबर पाडून कुंपणं येत होती. एका संध्याकाळी चौथीची मुलं बरोबर असताना मला तो आवाज ऐकू आला, घारीसारखा पण चिरका. वर बघितलं तर वडावर राखाडी जोडी. मुलांनी वर बघायच्या आत मी चालायला लागले.

"बाई, कसला आवाज हो?" एका मुलीनं विचारलं.

"घार असेल," मी म्हणाले.

मी शिक्षिका होते. मुलीनं सरळ प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं सांगितलं. तिच्या घरी कुणी वैद्य असेल, कुणाकडे बंदूक असेल, कुणाच्या आजीचे गुडघे दुखत असतील, एवढ्या भीतीनं. अण्णा आता नाहीत, ते साहेब कुठं बदलून गेले माहीत नाही, बंदूकवालाही मेला असेल. त्यांच्यावर रागावून आता काही होत नाही. पण त्या संध्याकाळी एका मुलीला वर बघ असं सांगता आलं नाही, याचा राग मात्र मला कुणावर काढावा हे कळत नाही.